झडतीवाली

विनोदिनीबाई पहिल्यांदा वखारीच्या गल्लीत आल्या, तेव्हा अक्काताईनं त्यांच्या तोंडाकडं नव्हे, आधी पिशवीकडं बघितलं. तिची ती सवयच होती. निपाणीतल्या त्या तंबाखूच्या वखारीत दीड-दोनशे बायका कामाला. कुणी पानं निवडायची, कुणी शिरा काढायची, कुणी भुकटी चाळायची. संध्याकाळी घंटा झाली की सगळ्या दाराशी रांग धरायच्या, आणि दारात पदराला पितळेचा बिल्ला अडकवून अक्काताई उभी असायची. हात वर करायचे, ओचा सैल सोडायचा, अंबाडा दाखवायचा. तिचे हात बाईच्या अंगावरनं असे फिरायचे की कुणी चिमूटभर जर्दा कमरेला खोवला असला तरी बोटं तिथं थांबायचीच. अकरा वर्षं तिनं हेच काम केलं होतं. त्यामुळं गल्लीतल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं येत नसे, आणि आलं असतं तरी ती गेली नसती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं.

साल एकोणीसशे अडतीसचं. विनोदिनीबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नुकत्याच बदलून आल्या होत्या. माणूस बेळगावचं, खडेबाजारामागच्या जुन्या घरातलं. तिशीच्या आत-बाहेरचं वय, गळ्यात मंगळसूत्र नाही, पायात चपला. वखारीतल्या पोरींना बाजारादिवशी, म्हणजे सुट्टीदिवशी, त्या धर्मशाळेच्या ओसरीवर बोलावत होत्या. गाणी म्हणायची, सोंगं करायची, आपापल्या गावचं काय असेल ते सांगायचं. शुल्क नाही, सक्ती नाही.

फुकट म्हटल्यावर अक्काताईचा संशय पक्का झाला. पोटाला लागतं म्हणून आलेल्या पोरींचं गाणं ऐकायला एवढी शिकलेली बाई कशापायी पायपीट करते?

आणि पोरी खरंच दूरदूरच्या होत्या. खानापूरच्या रानाकडनं आलेल्या, घाटाखालच्या, काही हुक्केरीकडच्या, ज्यांना मराठी धड येत नव्हतं. टोळीनं यायच्या आणि एकेका खोलीत सहा-सात जणी राहायच्या. त्यातली मालू मात्र अक्काताईकडं होती. कणकुंबीची पोर, सोळा-सतरा वर्षांची. दोन वर्षांमागं टोळीबरोबर आली ती तापानं फणफणलेली, आणि टोळीतल्या बायका तिला जवळ घेईनात, तेव्हा अक्काताईनं तिला आपल्या घरात आडवं केलं. बरी झाल्यावर जा म्हणायचं राहूनच गेलं. मालू पाणी भरायची, चूल सारवायची, आणि तिला आक्का म्हणायची. एवढंच नातं.

मालू धर्मशाळेत जाऊ लागली, तशी अक्काताईनं चौकशी सुरू केली. आधी तिला वाटलं, बाई मिशनची असणार. म्हणून ती बाईंच्या घरमालकीण रुक्माबाईकडं जर्दा मागायच्या निमित्तानं जाऊन बसली. रुक्माबाई म्हणाली, रोज देवापुढं दिवा लावते, एकादशी धरते. मग वाटलं, नाटक कंपनीची हस्तक असेल. पोरींना गोड बोलून हुबळीला, मिरजेला नेतात आणि पुढं त्यांचा पत्ता लागत नाही, असं तिनं ऐकलं होतं. पण कंपनीची बाई असती तर देखण्या पोरी निवडल्या असत्या. इथं तर देवीचे व्रण असलेली, तिरळी, मुकी वाटावी अशी लाजाळू, कुणीही चालत होती. शेवटी अक्काताई स्वतःच एका बाजारादिवशी धर्मशाळेच्या खांबाआड जाऊन बसली.

त्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, तुमच्या गावची एक वाट चालून दाखवा. मालू उठली. डोक्यावर सरपणाचा भारा असल्यासारखी मान ताठ केली आणि चालता चालता एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या बोटांमधनं काहीतरी उपटून फेकू लागली. पुन्हा चालली, पुन्हा उपटलं. हुक्केरीच्या पोरींना कळेना. मालू म्हणाली, जळवा. आमच्याकडं रानात गेलं की चिकटतात, पण भारा खाली ठेवला तर एकटीला उचलत नाही, म्हणून असंच काढायचं. पोरी हसल्या, मग एकेक उठून तशा चालायला लागल्या. मालू सांगत होती, मान हलवू नका, भारा पडेल. घरी दिवसाला दहा शब्द न बोलणारी पोर वीस जणींना हुकूम सोडत होती.

बाई मधे मधे वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. काळ्या मेणकापडी पुठ्ठ्याची जाड वही. अक्काताईला सोंगापेक्षा त्या लिहिण्याची जास्त भीती वाटली. आपण बोललेलं दुसऱ्यानं लिहून घेतलं की ते आपलं राहत नाही, हे तिला वखारीत राहून ठाऊक होतं.

निघताना बाईंनी तिला गाठलं. आत का बसला नाहीत, म्हणून विचारलं.

“तुमाला ह्या पोरींचं ऐकून काय मिळतं?” अक्काताईनं सरळ विचारलं.

बाई जराशा गोंधळल्या. मग म्हणाल्या, “ह्यांना बोलता येतं, पण कुणी विचारत नाही. मी विचारते.”

हे उत्तर अक्काताईला पटलं नाही.

पुढं महिना-दीड महिना गेला. पोरी नवरात्रात सगळ्यांपुढं एक नाटक करणार अशी बोलवा झाली. नाटक कशाचं, हे मात्र कुणी सांगेना. पाणवठ्यावर पोरी कुजबुजत असायच्या आणि अक्काताई दिसली की गप्प व्हायच्या. घरात मालू तिच्याकडं टक लावून बघत राहायची. अक्काताई भाकरी थापत असली तरी, पदर खोचत असली तरी. काय बघतीस, म्हटलं की काय न्हाय, म्हणायची. वखारीतही तेच. रांगेत उभ्या राहिलेल्या पोरींची नजर अक्काताईच्या हातांवर खिळलेली असायची.

एके दिवशी मालू पाण्याला गेली असताना अक्काताईनं तिचं बोचकं सोडलं. दुसऱ्याचं बोचकं सोडताना तिला कधी काही वाटलं नव्हतं, त्या दिवशी मात्र तिनं आधी दार लोटून घेतलं. एक लुगडं, दोन चोळ्या, आईनं दिलेला ताईत. आणि लुगड्याच्या घडीत पुठ्ठ्याचा एक गोल तुकडा. हळदीनं पिवळा केलेला, वरच्या बाजूला भोक पाडून दोरा ओवलेला.

अक्काताईनं तो आपल्या बिल्ल्याशेजारी धरून बघितला. माप तेच होतं.

म्हणजे सोंग आपलं होतं. तिनं पुठ्ठा होता तसा घडीत ठेवला, बोचकं बांधलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. तिला चेष्टेचं फारसं वाटलं नाही. बायका पाठीमागं तिला काय काय म्हणत ते तिला पाठ होतं. पण जिला आपण ताकाची पेज भरवली, ती आपल्या घरात राहून आपलेच हात चोरून नेत होती, हे तिला बोचत राहिलं. मालू हंडा घेऊन आली. अक्काताईनं उठून तो उतरवून घेतला. आपल्याला कळलंय, हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, हीसुद्धा तिच्या धंद्याची रीत होती.

चार दिवसांनी दिवाणजींनी तिला आत बोलावलं. मारुतीराव दिवाणजी मालकांच्या गादीशेजारी बसून वखारीचा सगळा कारभार बघायचे. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. त्यांच्या पुढ्यात काळी मेणकापडी वही होती.

अक्काताईला वाचता येत नव्हतं, पण वस्तू ओळखता येत होती. ही वही मास्तरीणबाईंची होती.

दिवाणजींनी सावकाश वाचून दाखवलं. पोरी वखारीत बसल्यात, भुकटीनं खोकतायत. मुकादम ओरडतो. घंटा होते. दारात झडतीवाली बाई. एक बाळंतीण पुढं येते. तिच्या ओच्याला तंबाखू बांधलेली आहे. झडतीवालीचा हात तिथं जातो, थांबतो. झडतीवाली तिच्या तोंडाकडं बघते आणि म्हणते, जा.

“हे कधी झालं?” दिवाणजींनी वही मिटत विचारलं.

झालं होतं. चैत्रात झालं होतं. अंबुबाई म्हणून एक बाई, तीन महिन्यांचं मूल घरी ठेवून कामावर आलेली. त्या संध्याकाळी अक्काताईचा हात तिच्या डाव्या कुशीला लागला आणि चटकाच बसला, एवढा तिला ताप होता. ओच्यात मूठभर पान होतं. अक्काताईची बोटं थांबली, आणि मग पुढं सरकली. अकरा वर्षांत एकदाच. का सोडलं, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. अंबुबाईच्या मागं रांगेत मालू होती. अक्काताईला वाटलं होतं, अंबुबाई आणि आपण सोडून हे तिसऱ्याला माहीत नाही.

“सोंग हाय ते,” अक्काताई म्हणाली. “पोरींच्या मनातलं. खरं असतं तर असं उघड लिवलं असतं व्हय?”

दिवाणजींनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. आपण रोज बायकांकडं कसं बघतो, ते अक्काताईला त्या वेळी समजलं. मग ते म्हणाले, की नाटक बंद पाडायचं त्यांच्या मनात नाही. उगाच गावात बोभाटा होतो. उलट ते स्वतः येऊन पुढं बसतील. वही मास्तरीणबाईंकडं परत जाईल. पोरी काय दाखवतात ते त्यांना बघायचंय.

दुसऱ्या दिवशी वखारीभर झालं, दिवाणजींना नाटक कळलं. कुणी कळवलं, हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही. रांगेतल्या पोरी हात वर करताना अक्काताईच्या तोंडाकडं बघेनात. एकीनं ओचा सोडताना मुद्दाम जमिनीवर थुंकलं. मालू त्या रात्री जेवली नाही, आणि सकाळी बोचकं उचलून टोळीच्या खोलीवर राहायला गेली. जाताना एवढंच म्हणाली, “आमी तुमचं चांगलं दाखवणार हुतो, आक्का.”

अक्काताईनं तिला अडवलं नाही. न केलेल्या गोष्टीबद्दल तोंड उघडायचं कसं, हे तिला येत नव्हतं. रोज किती बायका तिच्यापुढं शपथा घ्यायच्या, आणि तिनं त्यांतल्या एकीवरही विश्वास ठेवला नव्हता.

त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत विनोदिनीबाई तिच्या दारात आल्या. चेहरा उतरलेला होता. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, “अक्काताई, तुम्ही सांगितलंत का? राग मानू नका, पण मला कळलं पाहिजे.”

“वही कुणाची?” अक्काताईनं विचारलं.

“कसली वही?”

“काळी. तुमची. ती दिवाणजीच्या म्होरं हुती परवा. मला वाचाय येत न्हाय, बाई. मी त्यांना काय वाचून दाखवणार? वही तुमच्या हातातनं गेली. कुठं गेली ते तुमी सांगा.”

बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. शाळेच्या पटांगणात नाटक करायचं तर परवानगी हवी, म्हणून त्यांनी वही शाळा कमिटीचे मेंबर केशवराव वकील यांच्याकडं दिली होती. नाटकात राजद्रोही काही नाही ना, एवढं बघून देतो असं ते म्हणाले होते. भला माणूस, बेळगावला बाईंच्या वडिलांकडं येणं-जाणं असलेला. तीन दिवसांनी शिपायाहाती वही परत आली.

“ते वकील आमच्या मालकाचं काम बघत्यात,” अक्काताई म्हणाली. “हे गल्लीतलं शेंबडं पोर बी सांगंल. तुमी कुणाला विचारलं न्हाईसा.”

बाई मग बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यांनी ते गळू दिलं नाही. म्हणाल्या, नाटक रद्द करते. अक्काताई म्हणाली, रद्द केलंत तर दिवाणजी समजतील की आत काहीतरी होतं. तो प्रवेश गाळला तरी तसंच. ते वाचून बसलेत. एकच वाट हाय. बाळंतिणीला पकडायची. झडतीवालीनं ओरडून पकडायची आणि मुकादमाच्या हवाली करायची. म्हणजे वहीतलं नुसतं सोंग होतं, वाटेल तसं बदलता येतं, असं ते धरतील.

“पण मालूनं ते डोळ्यांनी बघितलंय,” बाई म्हणाल्या. “ती म्हणते, वखारीतली तेवढी एकच गोष्ट दाखवण्यासारखी आहे. मी तिला खोटं करायला कसं सांगू?”

“खरं तुमी दाखवणार, आन् भोगणार आमी,” अक्काताई म्हणाली. “मला काढलं तर काढलं. त्या अंबूचं काय? मास्तरीणबाई, तुमी पोरींना बोलाय शिकवलासा, ते बरं केलासा. कुणाच्या म्होरं काय बोलायचं, ते आमाला आधीपासनं येतंय. ते इसरायला लावू नका.”

संध्याकाळी बाईंनी पोरींना काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दिवेलागणीला मालू दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. चुकलं म्हणाली, तेही भिंतीकडं बघत. वहीचं बाईंनी सगळ्यांपुढं कबूल केलं होतं. मग तिनं विचारलं, खरंच पकडायची का.

“पकडायची.”

“मग तुमाला समदी शिव्या देतील, आक्का.”

“आता काय ओवाळत्यात?”

मालू उंबऱ्यावर टेकली. तिनं विचारलं, की त्या दिवशी अंबूमावशीला आक्का नेमकं काय म्हणाली होती. तिला मागनं ऐकू आलं नव्हतं, म्हणून ‘जा’ असं तिनं आपल्या मनानं घातलं होतं.

अक्काताई चुलीतली राख ओढत होती. “काय म्हणली न्हाय,” ती म्हणाली. “तोंडाकडं बी बगितलं न्हाय. बगितलं असतं तर सोडाय जमलं नसतं.”

मालूनं मान हलवली. ही गोष्ट कुठंच दाखवायची नाही, हे तिला सांगावं लागलं नाही.

नाटक नवरात्रातल्या बाजारादिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात झालं. खाटा उलट्या करून वखारीच्या भिंती केल्या होत्या. गोणपाटं पसरली होती. वखारीतल्या बायका पोरांसकट आल्या होत्या, बाजाराला आलेली खेड्यातली माणसंही कडेनं उभी राहिली. पुढं दोन खुर्च्या. एकीवर दिवाणजी, दुसरीवर केशवराव वकील. अक्काताई बायकांत जाऊन बसली, तशा आजूबाजूच्या चौघी-पाचजणी सरकल्या आणि तिच्याभोवती मोकळी जागा झाली. ती तिला नवी नव्हती.

सुरुवातीला कणकुंबीची वाट झाली. जळवा काढत, भारे सांभाळत पोरी आल्या आणि खेड्यातली माणसं खो खो हसली. हुक्केरीच्या एका पोरीनं कानडीत आईला घातलेली हाक सगळ्यांना समजली. मग वखार. भुकटीचा खोकला पोरींनी असा काढला की बघणाऱ्या बायकांनाही ठसका लागला. मुकादम झालेल्या तिरळ्या पोरीनं काठी आपटली, तसे दिवाणजीसुद्धा हसले. वखारीत हे सगळं रोज चालायचं, पण ते असं समोर मांडलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं. एक म्हातारी शेजारणीला म्हणत होती, माझी कंबर अशीच वाकडी होती गं, अशीच.

घंटा झाली. मालू पिवळा बिल्ला लावून दारात उभी राहिली.

अक्काताईनं स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. खांदे किंचित पुढं, हनुवटी खाली, नजर समोरच्या बाईच्या गळ्यापर्यंत आणि त्याच्या वर नाही. हात मात्र पाण्यासारखे. एक, दोन, तीन पोरी झडती देऊन गेल्या. मग बाळंतीण आली. मालूचा हात तिच्या डाव्या कुशीला गेला आणि थांबला.

तो थांबला तो थांबलाच. दिवाणजी खुर्चीत पुढं झुकले. अक्काताईला वाटलं, पोरगी घात करणार. खऱ्याची चव लागलेली पोर, ती कशाला ऐकते.

“सापडली,” मालू ओरडली. तो आवाज तिचा नव्हता. तिनं बाळंतिणीचा दंड धरला आणि तिला फरफटत मुकादमापुढं नेऊन आदळलं.

बायकांतनं एक हुंकार उठला. कुणीतरी म्हणालं, रांडेचं काळीजच दगडाचं. मागनं चिखलाचं एक ढेकूळ मालूच्या दिशेनं भिरकावलं गेलं, तिच्या लुगड्याला लागलं, पण ती हलली नाही. आता बायका वळून वळून अक्काताईकडं बघत होत्या. दिवाणजी पाठीमागं रेलून बसले आणि वकिलांच्या कानाशी काहीतरी बोलले. झालं, अक्काताईच्या मनात आलं. निभावलं.

तेवढ्यात चार ओळी पुढं अंबुबाई उठली. कडेवर पोर होतं. माणसांतनं वाट काढत ती मागं आली आणि त्या मोकळ्या जागेत, अक्काताईच्या मांडीला मांडी लावून बसली. पोर तिनं दोघींच्या मधे ठेवलं.

“ऊठ,” अक्काताई ओठ न हलवता म्हणाली. “तिकडं जा. ते बगत्यात.”

“बगू देत,” अंबुबाई म्हणाली.

दिवाणजी बघत होते. मान वळवून त्यांनी आधी अंबुबाईला बघितलं, मग पोराला, मग अक्काताईला. तोंडावर काहीच दिसलं नाही. पुन्हा ते समोर वळले आणि नाटक संपेपर्यंत वळले नाहीत. संपल्यावर त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

वखारीत चार दिवस काहीच घडलं नाही. पाचव्या दिवशी दिवाणजींनी अक्काताईला बोलावून बिल्ला काढून ठेवायला सांगितला. कारण दिलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दारावर त्यांनी आपल्या गावाकडची यशोदाबाई आणून उभी केली आणि अक्काताईला शिरा काढायला बसवलं. अंबुबाईला हात लावला नाही. पुरावा नव्हता आणि हंगाम तोंडावर होता.

अकरा वर्षांनी, बिल्ला मिळण्याआधी बसायची तशी, अक्काताई पुन्हा गोणपाटावर बसली. पहिल्या दिवशी भुकटीनं तिचा जीव घुसमटला. कुणी पाणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नाटकाला आलेल्या त्या म्हातारीनं आपला तांब्या तिच्याकडं सरकवला. पहिल्या संध्याकाळी ती रांगेत उभी राहिली, पुढं अंबुबाई, मागं मालू. तिची पाळी आली तेव्हा तिनं हात वर केले. परक्या बाईचा हात आपल्या कुशीवरनं फिरताना कुठं बघायचं, हे तिला माहीत नव्हतं. ती यशोदाबाईच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि यशोदाबाईनंच नजर खाली केली. ती डावी बाजू नीट चाचपत नाही, हे अक्काताईच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

मालू बोचकं घेऊन परत आली. बाजारादिवशी दोघी बरोबरच धर्मशाळेत गेल्या. मालू सरळ आत गेली, अक्काताई खांबापाशी थांबली. पोरी दिवाळीनंतर करायच्या नव्या सोंगाचं बोलत होत्या. विनोदिनीबाई उठून तिच्याकडं आल्या. आत चला म्हणाल्या. अकरा वर्षांत तिनं जे बघितलं, ते एकेका पोरीला सांगितलं तरी पुष्कळ होईल.

“आन् मी सांगितल्यालं कुणाकुणाला वाचाय देणार तुमी?”

“तुम्ही म्हणाल त्यांनाच.”

अक्काताईनं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. बाई खोटं बोलत नव्हत्या, पण गेल्या वेळीही त्या खोटं बोलल्या नव्हत्या. भल्या माणसाच्या हातनं काय काय होऊ शकतं, ते तिनं आता बघितलं होतं.

“आदी लिवायचं ठेवा बाजूला,” ती म्हणाली.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. पोरींनी सरकून जागा केली, आणि अक्काताई ओसरीची पायरी चढून आत जाऊन बसली. बसली ती मात्र तोंड दाराकडं करूनच.